तंजावरचीं पावलें

प्रवासाचीं कारणें अनेक असतात. कोणी हवापालटासाठीं जातो, कोणी देवदर्शनासाठीं, कोणी नुसती मनाची करमणूक म्हणून. गेल्या माघांत आम्ही तंजावरला गेलों तें एका लग्नासाठीं. आमची एक मावसबहीण, तिला आम्ही सारीं अक्का म्हणतों, पन्नास वर्षांपूर्वीं तंजावरच्या एका देशस्थ घराण्यांत दिलेली आहे. तिच्या नातवाचें कार्य होतें. परंतु आहेराच्या लुगड्यांबरोबर आमच्या सामानांत घरचा एक न मिटलेला वादहि होता, आणि आज लिहावयाचें आहे तें त्याविषयीं.

आमच्या थोरल्या बंधूंची नात दहा वर्षांची आहे. तिनें हट्ट करून भरतनाट्यमच्या वर्गांत नांव घातलें, आणि आठ महिन्यांनीं तीच कंटाळली. "आत्याआजी, नुसतें गुडघे वांकवून उभें राहायचें आणि 'तैया तै' करीत पाय आपटायचे! खरा नाच केव्हां शिकवणार?" असें ती मला रोज विचारी. दादांना तेवढें निमित्त पुरेसें होतें. "पोरीची संध्याकाळ जाते, अभ्यास मागें पडतो, आणि पदरांत काय, तर पाय आपटणें. बंद करा तो वर्ग," असें त्यांनीं एके दिवशीं जेवतांना सांगून टाकलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मीहि बोललें नाहीं. मला बोलतां कां आलें नाहीं, तें पुढें ओघानें येईलच. मुलीला लग्नाला बरोबर न्यावें आणि परत आल्यावर काय तो निकाल करावा, एवढेंच ठरलें.

पुण्याहून चेन्नई, आणि तेथून दुसऱ्या गाडीनें तंजावर, असा हा प्रवास. कावेरीच्या मुलखांत गाडी शिरली कीं डोळे निवतात. दोन्ही बाजूंस भातखाचरें, कालव्यांतून संथ वाहणारें पाणी, मधूनच नारळीचें बन, आणि त्यावरून डोकावणारें एखादें गोपुर. आम्ही गेलों तेव्हां कापणी चालू होती आणि शेतांतून पेंढ्यांच्या गंजी रचल्या जात होत्या.

अक्काचें घर जुन्या गांवांत आहे. ओसरी, मधोमध उघडा चौक, लांकडी खांब, असा त्याचा थाट. दारांत सुना काढतात तो कोलम, पानांत पडतें तें सांबार, आणि बोलणें चालतें तें मराठींत. ती मराठी जुन्या वळणाची व तमिळ हेल घेतलेली आहे. पण कानाला ती आपलीच वाटते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें राज्य स्थापिलें, आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी येथें चालली. त्या राज्याच्या आश्रयानें आलेलीं घराणीं येथेंच रुजलीं. येथील सरस्वती महाल ग्रंथालयांत तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितें आहेत, ही गोष्ट आपल्याकडे किती घरांत ठाऊक असेल?

लग्नाला अजून पांच दिवस अवकाश होता. नातीची तक्रार ऐकून अक्का हंसली आणि म्हणाली, "आमच्या मागल्या गल्लींत एक अम्मा राहतात. ऐंशी वर्षांच्या आहेत. नाच केव्हां सुरू होतो तें त्यांनाच विचारूं, चल."

अम्मा लहानशा घरांत एकट्याच राहतात. केस पांढरेशुभ्र, अंग वाळलेलें, परंतु पाठ अजून ताठ. अक्का दुभाष्याचें काम करीत होती. अम्मांनीं प्रथम मुलीला भूमीला हात लावून नमस्कार करावयास सांगितलें. "आतां हिच्यावर आपण पाय आपटणार. आधीं हिची क्षमा मागावी; संपल्यावर पुन्हां मागावी." मग त्यांनीं एक लांकडी ठोकळा पुढें ओढला, हातांत आखूड दांडकें घेतलें, आणि मुलीला 'अरैमंडी'त उभें राहण्यास सांगितलें.

ज्यांच्या घरीं ही विद्या अजून आलेली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सविस्तर सांगतें. अरैमंडी म्हणजे अर्धी बैठक. टांचा एकमेकींजवळ, चवडे दोन बाजूंस वळलेले, गुडघे बाजूंस दुमडलेले, आणि कंबरेपासून मस्तकापर्यंत शरीर सरळ. ताठ उभें राहणें तें 'समपाद', पूर्ण खालीं बसणें ती 'मुळुमंडी', आणि या दोहोंमधली ही बैठक. पाहणारास ती सोपी वाटते. परंतु स्वतः करून पाहावी, म्हणजे शंभर आंकडे मोजून होण्यापूर्वींच मांड्या थरथरूं लागतात. भरतनाट्यमच्या बहुतेक हालचाली याच बैठकींतून निघतात. ती कच्ची राहिली तर पुढचें सारें डळमळतें.

या बैठकींतून जें पहिलें पाऊल टाकतात तो 'तट्टडवु'. 'अडवु' म्हणजे पाय, हात, मान व दृष्टि यांच्या मेळानें होणारी नृत्याची एक लहान घडण, आणि 'तट्टु' म्हणजे आपटणें. त्याचे बोल 'तैया तै'. पाय सबंध तळव्यानें भूमीवर पडला पाहिजे. अर्धा पडला तर नाद फुटका येतो. त्यानंतर 'नाट्टडवु', त्यांत पाय लांब करून टांच टेकवावयाची. 'कुदित्तुमेट्टु'मध्यें चवड्यांवर उडी घेऊन मग टांचा खालीं आणावयाच्या. अडवूंचे असे अनेक गट आहेत, आणि त्यांची मोजणी गुरुपरंपरेगणिक थोडी वेगळी असते. त्या परंपरेला 'बाणी' म्हणतात. प्रत्येक अडवु तीन 'कालां'त, म्हणजे तीन गतींत करावयाचा असतो. पहिल्या कालांत जेवढ्या वेळांत एक पाऊल पडतें, तेवढ्याच वेळांत दुसऱ्यांत दोन आणि तिसऱ्यांत चार.

तालाचेहि पांच घाट आहेत. तीन मात्रांची तिस्र जाति, तिचा बोल 'तकिट'. चारांची चतुरस्र, 'तकधिमि'. पांचांची खंड, 'तक तकिट'. सातांची मिश्र, 'तकिट तकधिमि'. आणि नऊ मात्रांची संकीर्ण. हे बोल अम्मा तोंडानें म्हणत, आणि दांडकें ठोकळ्यावर त्याप्रमाणें पडे.

पहिला काल नातीला साधला, दुसऱ्यांत धाप लागली, आणि तिसऱ्यांत ती सरळ उभीच राहिली. अम्मा रागावल्या नाहींत. त्यांनीं विचारलें, "शाळेंत पहिलें अक्षर तूं किती वेळां गिरवलेंस?"

"पुष्कळ वेळां."

"आणि पहिलें पत्र केव्हां लिहिलेंस?"

मुलगी गप्प झाली. अम्मा म्हणाल्या, "हेंहि गिरवणेंच आहे. फक्त येथें पाटी म्हणजे आपलें अंग. अक्षर बसलें कीं पत्र लिहितां येतें."

मग हातांचा पाठ झाला. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पण' या ग्रंथांत एका हातानें होणाऱ्या अठ्ठावीस मुद्रा सांगितल्या आहेत, त्यांना 'असंयुत हस्त' म्हणतात. दोन्ही हात मिळून होणारे ते 'संयुत हस्त'. त्याच ग्रंथांत मस्तकाचे नऊ, दृष्टीचे आठ व मानेचे चार प्रकार आहेत. अठ्ठाविसांतील पहिला हस्त 'पताक': चारी बोटें जुळवून ताठ, आणि अंगठा किंचित् दुमडलेला. हाच हात प्रसंगाप्रमाणें मेघ होतो, अरण्य होतो, नदी होतो. आणि निषेधहि होतो, म्हणजे 'नको'. अम्मांनीं तो निषेधाचा हात वर केला, आणि मला साठ वर्षांपूर्वींचें आमचें माजघर आठवलें.

मी तेव्हां नऊ-दहा वर्षांची होतें. शेजारच्या वाड्यांतली मुलगी कथक शिकूं लागली होती. रोहिणी भाटे यांची नृत्यभारती पुण्यांत १९४७ पासून चालू होती, आणि आमच्यासारख्या घरांतल्या मुली तेव्हां नाचूं लागल्याहि होत्या. मीं धीर करून आजोबांना विचारलें. त्यांनीं पोथीवरची नजर न काढतां हात तेवढा वर केला, आणि म्हणाले, "आपल्याकडे मुली नाचत नाहींत." तो हात मीं पुन्हां कधीं ओलांडला नाहीं. वास्तविक आमच्याकडे मुली नाचत होत्याच. मंगळागौरीच्या जागरणांत माझी आजी अशी फुगडी घाली कीं पाहणाऱ्यांचे डोळे फिरत. झिम्म्याला आणि पिंग्याला तिच्यासारखा ठेका कोणाचा नसे. पण तें रात्रीं, बायकाबायकांत, दार लोटून. त्याला नाच म्हणत नसत, खेळ म्हणत.

दुसऱ्या दिवशीं अक्काचे यजमान आम्हां सर्वांस मोठें देऊळ दाखविण्यास घेऊन निघाले. वाटेंत पश्चिम राजरस्त्यावर त्यांनीं एक जुनें घर दाखविलें. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चौघा बंधूंच्या घराण्याचें तें घर. दुसऱ्या सरफोजीराजांनीं १७९८ पासून १८३२ पर्यंत राज्य केलें; त्यांच्या दरबारांत हे बंधु पुढें आले. मुत्तुस्वामी दीक्षितांपाशीं त्यांनीं संगीताचें अध्ययन केलें. भरतनाट्यमच्या कार्यक्रमांत आज जो क्रम पाळतात, ज्याला 'मार्गम्' म्हणतात, तो बसविण्याचें श्रेय या चौघांना देतात. वडिवेलु पुढें त्रावणकोरास स्वाति तिरुनाळ महाराजांच्या पदरीं गेले, चिन्नय्या म्हैसुरास.

येथें आपला संबंध केवळ आश्रयदात्याचा नव्हे. सरफोजीराजांच्या नांवावर 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' म्हणून मराठी नृत्यरचना आहेत; म्हणजे या नृत्यानें एके काळीं मराठी शब्दांचाहि अभिनय केलेला आहे. पुढें १८८० मध्यें तंजावरच्या लक्ष्मीबाई बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या राणी झाल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर गौरा व कांतिमती या नर्तकी आपल्या साथीदारांसह बडोद्यास गेल्या.

तो मार्गम् समजण्यास तीन शब्द पुरतात. 'नृत्त' म्हणजे अर्थावांचून केवळ लयीचें व अंगाच्या रेषांचें नर्तन. 'नृत्य' म्हणजे भाव व्यक्त करणारें नर्तन. 'नाट्य' म्हणजे पात्र होऊन कथा दाखविणें. प्रसिद्ध नर्तकी बालसरस्वती (१९१८–१९८४) यांनीं मार्गमला देवळाची उपमा दिली होती, आणि देवळांत चालतां चालतां ती फार पटते. 'अलारिप्पु' हें गोपुर; त्यांत अंगें एकेक करून उमलतात. 'जतिस्वरम्' ही त्यापुढची पडवी. त्यांत नृत्ताला स्वरांची जोड मिळते. 'शब्दम्' हा मंडप; येथें प्रथम शब्द येतात, म्हणून अभिनयहि येतो. 'वर्णम्' हा गाभारा. नृत्त आणि अभिनय दोन्ही त्यांत पूर्णत्वास पोंचतात, आणि नर्तकीची खरी कसोटी लागते ती येथेंच. त्यानंतर 'पदम्', गाभाऱ्यांतल्या शांततेसारखें. शेवटीं 'तिल्लाना', कापुराच्या आरतीसारखा लख्ख. नातीनें हें सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग मी आतां कोठें आहे?" अक्काचे यजमान म्हणाले, "तूं अजून चपला काढते आहेस, बाळ." ती हंसली, पण चपला काढल्यावांचून कोणी आंत जात नाहीं, हें तिच्या ध्यानांत आलेलें दिसलें.

बृहदीश्वराचें हें मंदिर राजराज चोळानें बांधलें, तें १०१० मध्यें पुरें झालें. विमानाची उंची दोनशें फुटांहून अधिक आहे. विमानाच्या वरच्या मजल्यावरील प्रदक्षिणामार्गांत नृत्याचीं करणें कोरलेलीं आहेत. हात व पाय यांची एकत्र साधलेली क्रिया तें 'करण'. नाट्यशास्त्रांत अशीं १०८ सांगितलीं आहेत. येथें त्यांपैकीं ८१ कोरून झालीं आणि २७ जागा कोऱ्याच राहिल्या. तेथें जाण्याची आम्हांस मुभा नव्हती; छायाचित्रांवर समाधान मानावें लागलें.

आवाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनीं १८०३ मध्यें कोरविलेला भोसलेकुळाचा मराठी इतिहास आहे. तमिळ देशांत भिंतच्या भिंत देवनागरी अक्षरांनीं भरलेली पाहून दादांना भरून आलें. ते नातीला बोट दाखवून एकेक नांव वाचून दाखवूं लागले. आमच्या घरीं वंशावळीचा अभिमान आजोबांपासूनचा. आमची हस्तलिखित वंशावळ अकरा पिढ्यांची आहे.

तेव्हां अक्काच्या यजमानांनीं त्याच देवळावरील दुसऱ्या एका लेखाची हकीकत सांगितली. तो याहून जवळजवळ आठशें वर्षें जुना, राजराजाच्या वेळचा तमिळ लेख. राजराजानें ठिकठिकाणच्या देवळांतून चारशें नर्तकी आणून या देवळाभोंवतीं वसविल्या, आणि प्रत्येकीला वर्षास शंभर कलम भाताचा वांटा लावून दिला. लेख नुसती संख्या सांगत नाहीं. दक्षिणेकडील वस्ती, दक्षिणेची ओळ, पहिलें घर: तिरुवैयारूच्या लोकमहादेवीच्या देवळांतील नक्कन सेरमंगै, वांटा एक. मग दुसरें घर, मग तिसरें. प्रत्येक ठिकाणीं बाईचें नांव, तिचें मूळचें देऊळ, आणि तिचा वांटा. अशा चारशें जणी हजार वर्षें दगडावर आहेत.

नात थोडा वेळ गप्प होती. मग तिनें दादांना विचारलें, "आजोबा, आपल्या वंशावळींत आत्याआजीचें नांव आहे?"

दादा म्हणाले, "वंशावळींत मुलींचीं नांवें घालण्याची पद्धत नाहीं."

"म्हणजे माझेंहि नाहीं?"

दादांनीं चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला.

त्या संध्याकाळीं मी एकटीच अक्काला घेऊन अम्मांकडे गेलें. त्यांनीं जें सांगितलें तें थोडक्यांत असें. त्यांची आजी एका देवळाची नर्तकी होती. देवाला वाहिलेली म्हणून तिला मान होता, विद्या होती, स्वतःचें उत्पन्न होतें. आणि त्याच नांवाखालीं कित्येक मुलींच्या आयुष्याची विटंबनाहि होत होती. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनीं त्या प्रथेविरुद्ध दीर्घकाल झगडा दिला, आणि १९४७ मध्यें मद्रास इलाख्यांत मुली देवाला वाहण्यास कायद्यानें बंदी झाली. "कायदा झाला तें बरेंच झालें," अम्मा म्हणाल्या. "पण लोकांनीं प्रथेबरोबर आम्हांलाहि टाकलें. माझ्या आईनें पायांतले चाळ पेटींत घातले आणि मला बजावलें कीं, आपण कोणाच्या हें कोणाला सांगूं नकोस. आजी मला दार लावून शिकवी."

दार लावून! आमच्या आजीची फुगडी दार लोटून, आणि यांच्या आजीचा अडवु दार लावून. एका दाराआड मंगळागौर होती म्हणून तें सोंवळें. दुसऱ्या दाराआड पोटाची विद्या होती म्हणून तें ओंवळें.

आणि याच सुमारास तीच विद्या बाहेर नव्या नांवानें उभी राहत होती. पूर्वीं तिला 'सदिर' म्हणत. १९३० नंतरच्या दशकांत 'भरतनाट्यम्' हें नांव रूढ झालें. १९३५ मध्यें रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं रंगभूमीवर पाऊल ठेवलें, आणि १९३६ मध्यें कलाक्षेत्राची स्थापना केली. त्यांना शिकविणारे पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै त्या चौघा बंधूंच्याच वंशांतले होते. ब्राह्मण घरांतील मुलींना या कलेचें दार उघडलें हें फार चांगलें झालें, यांत शंका नाहीं. परंतु जीं पावलें दुसऱ्याच्या अंगणांत होतीं तोंवर आम्हीं हलकीं मानिलीं, तींच आमच्या दिवाणखान्यांत आल्यावर त्यांना संस्कृति म्हणूं लागलों. बालसरस्वतींसारख्या थोड्या जणींनीं वंशपरंपरेची ही विद्या मानानें जगभर नेली. पुष्कळींचे चाळ पेटींतच राहिले. आपली मुलगी नृत्याच्या वर्गाला पाठवितांना हें ऋण तिच्या कानावर घालणें आपणां वडीलमाणसांचें काम आहे, असें मला वाटतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीनें अम्मांना विचारलें, "तुमच्या आजीनें तुम्हांला पहिल्यांदा काय शिकवलें?"

"तैया तै."

"आणि त्यांना त्यांच्या गुरूंनीं?"

"तेंच."

यानंतर लग्नाचा दिवस सोडला तर रोज सकाळीं ती हांक मारण्याची वाट न पाहतां अम्मांकडे जाऊन बसे. दोनदां तिला आणावयास दादा गेले. ते ओसरीवर बसून राहत, आणि एकदां परत येतांना मला म्हणाले, "तिसरा काल फार अवघड असतो गं."

निघतांना अम्मांना आम्हीं लुगडें दिलें. त्यांनीं तें घेतलें, आणि नातीच्या हातांत आपलें दांडकें क्षणभर देऊन परत घेतलें. "हें अजून लागतें मला," असें त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर आम्ही चिदंबरमला उतरलों. नटराजाचें हें क्षेत्र सर्वांस ठाऊक आहेच. परंतु आम्ही प्रथम पूर्व गोपुराच्या वेशींत थांबलों. या देवळाच्या चारी गोपुरांच्या आंतल्या अंगास करणें कोरलीं आहेत, आणि पूर्व गोपुरांत तर त्यांच्याबरोबर नाट्यशास्त्रांतील श्लोकहि खोदले आहेत. तंजावरास अपुरी राहिलेली संख्या येथें १०८ अशी पुरी होते. नर्तकींच्या त्या लहान मूर्तींवरून शेंकडों वर्षें येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा फिरल्या असतील. नात एकेक मोजीत होती. कांहीं वेळानें ती म्हणाली, "आत्याआजी, पाहा, कितीजणींचे गुडघे वांकलेलेच आहेत." मग इकडेतिकडे पाहून, कोणी जवळ नाहीं अशी खात्री करून, तिनें भूमीला नमस्कार केला आणि त्या मूर्तींसमोर अर्ध्या बैठकींत उभी राहिली. या वेळीं तिच्या मांड्या थरथरल्या, पण ती उठली नाहीं.

घरीं आल्यावर निकाल असा कांहीं लागलाच नाहीं. बुधवारीं संध्याकाळीं दादा स्वतःच वहाणा घालून दारांत उभे राहिले आणि म्हणाले, "वर्गाला उशीर होईल." वहिनी आतां स्वयंपाक उरकला कीं पोळपाटावर लाटण्यानें ठेका धरतात; त्यांचा ठेका कधीं चुकत नाहीं, कारण त्यांच्या माहेरीं झिम्म्याला त्या पुढें असत, हें मला चाळीस वर्षांनीं कळलें. मुलगी अजून तट्टडवूच करते आहे. तिसरा काल अजून बसलेला नाहीं.

गेल्या आठवड्यांत मीं दादांच्या कपाटांतून वंशावळ काढली, आणि त्यांच्या समोरच शेवटच्या पानावर नातीचें नांव पेन्सिलीनें लिहिलें. मग तसेंच दोन पिढ्या मागें जाऊन माझें लिहिलें, आणि आणखी मागें जाऊन आजीचें. दादांनीं कागद हातांत घेऊन वाचला. कांहीं वेळानें उठून त्यांनीं शाईचें पेन आणून माझ्यापुढें ठेवलें.